शासकीय मानवंदना कोणाला आणि कशाच्या आधारावर?

दर वर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता देशभर दोन मिनिटे स्तब्धता पाळावी, असा केंद्र सरकारच्या गृहखात्याचा आदेश असतो. जेथे भोंगा आहे तेथे तो दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी वाजतो, अकराला थांबतो, आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी पुन्हा वाजून लोकांना मोकळे करतो. गांधीजींच्या हत्येचा हा दिवस. परंतु सरकारी परिपत्रकात तो स्वातंत्र्यलढ्यात प्राण दिलेल्या सर्वांच्या स्मरणाचा दिवस म्हणून येतो. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात कारखान्यांचे भोंगे होते, तेव्हा ही दोन मिनिटे कानांवर पडत. आता भोंगे गेले, कारखानेही बरेचसे गेले. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत मात्र माणसे अजून उभी राहतात.

उभे राहण्याचा हा हुकूम कोणत्या कायद्याने निघतो, हा प्रश्न आमच्या एका कामगार मित्राने विचारला होता. प्रश्न तिरकस नव्हता. ज्या माणसाचे आयुष्य हजेरीपट आणि स्थायी आदेश यांच्यात गेले, त्याला प्रत्येक हुकुमाच्या मागचे कलम विचारण्याची सवय लागते. त्या प्रश्नाचा माग काढताना आम्हांला जे सापडले, ते येथे मांडतो. आम्ही वकील नाही. घटना आम्ही वाचली ती युनियनच्या कचेरीत, गरज पडेल तशी, एकेक कलम करून. पण घटना वकिलांसाठीच लिहिलेली नाही.

प्रथम सांगण्याची गोष्ट अशी, की शहीदांना मानवंदना कशी द्यावी, कोणी द्यावी, कोणत्या दिवशी द्यावी, यासंबंधी राज्यघटनेत एकही स्वतंत्र अनुच्छेद नाही. युद्धस्मारकाचा उल्लेख मात्र आहे, आणि तो अशा ठिकाणी आहे की सहसा कोणी पाहत नाही. सातव्या अनुसूचीतील पहिली यादी म्हणजे संघसूची. केंद्राने कोणत्या विषयांवर कायदे करावेत याची ती यादी. तिच्यातील ६२ वी नोंद पाहावी. राष्ट्रीय ग्रंथालय, इंडियन म्युझियम, इम्पीरियल वॉर म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियल आणि इंडियन वॉर मेमोरियल, या घटना अमलात येताना ज्या नावांनी ओळखल्या जात होत्या त्या संस्था, आणि संसदेने राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या तशाच इतर संस्था, असा त्या नोंदीचा आशय आहे. ग्रंथालय आणि वस्तुसंग्रहालय यांच्या रांगेत युद्धस्मारक! जतन करण्याची एक वस्तू, एवढ्याच नात्याने ते घटनेत आले आहे. तेथे जाऊन कोणी डोके टेकवावे, यावर घटना बोलत नाही.

मग एवढा सगळा समारंभ चालतो कोणाच्या बळावर? २६ जानेवारीला पंतप्रधान पुष्पचक्र वाहतात, २१ ऑक्टोबरला पोलीस हुतात्म्यांना सलामी होते, १ मे रोजी आपल्या हुतात्मा चौकात मुख्यमंत्री येतात. या सगळ्यांचा आधार शोधायचा तर तो कार्यकारी अधिकारात सापडतो. अनुच्छेद ५३ ने केंद्राचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींच्या ठिकाणी ठेवला आहे, आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्यही त्यांच्याचकडे दिले आहे. अनुच्छेद ७३ म्हणतो, की ज्या ज्या विषयावर संसद कायदा करू शकते, त्या त्या विषयापर्यंत केंद्राचा कार्यकारी अधिकार पोचतो. संरक्षण आणि सैन्य हे विषय संघसूचीच्या पहिल्या दोन नोंदींत आहेत. तेव्हा सैनिकांचे स्मरण करणे हे केंद्राचे काम झाले.

पण कायदाच केलेला नसेल तर? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये राम जवाया कपूर विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात देऊन ठेवले आहे. गंमत अशी, की तो खटला सैनिकांचा नव्हे, शाळेच्या क्रमिक पुस्तकांचा होता. पंजाब सरकारने पुस्तके छापण्याचा धंदा स्वतःकडे घेतला. प्रकाशक म्हणाले, असा कायदा कोठे आहे? न्यायालयाने सांगितले, की सरकारला प्रत्येक कामासाठी आधी कायदा करावा लागत नाही. कोणाच्या हक्कावर आक्रमण होत नसेल, आणि खर्चाला विधिमंडळाची मंजुरी असेल, तर कार्यकारी अधिकारात ते काम करता येते. त्या एका निकालाच्या आधाराने आपल्या सरकारचे असंख्य व्यवहार चालतात आणि पुष्पचक्रही त्यातच बसते. त्याचा पैसा संचित निधीतून येतो आणि तो संसदेने मंजूर केलेला असतो. म्हणजे कर्तव्यपथावर असो वा हुतात्मा चौकात, पुष्पचक्रातील फुले तुमच्याआमच्या कराच्या पैशाची असतात.

येथेच आमच्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तरही मिळते. ३० जानेवारीची स्तब्धता ही कार्यकारी सूचना आहे. सरकारी नोकराला ती वरिष्ठांची आज्ञा म्हणून लागू पडते. रस्त्याने जाणारा सामान्य नागरिक थांबला नाही तर त्याला तुरुंगात टाकणारे कलम नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-अ मध्ये मूलभूत कर्तव्ये घातली गेली; स्वातंत्र्यलढ्याला स्फूर्ती देणाऱ्या उदात्त आदर्शांची जोपासना करणे हे त्यांतील एक. परंतु नुसत्या कर्तव्याच्या कलमावरून कोणाला शिक्षा होत नाही. केरळातल्या तीन मुलांनी धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हटले नाही, पण ती आदराने उभी राहिली होती. त्यांना शाळेतून काढणे चूक, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ठरवले. स्मरणाच्या बाबतीत सक्तीला आपल्या घटनेने फारशी जागा ठेवलेली नाही, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

ही दोन मिनिटे मुळात आपली नव्हेत, हेही सांगायला हवे. पहिल्या महायुद्धानंतर ११ नोव्हेंबर १९१९ रोजी पाचव्या जॉर्ज राजाच्या आवाहनावरून ब्रिटिश साम्राज्यात ती पहिल्यांदा पाळली गेली. कल्पना दक्षिण आफ्रिकेतून आली होती. बिगुलावरचा 'लास्ट पोस्ट', उलट्या धरलेल्या बंदुका, हवेत झाडलेल्या फैरी हे सारे त्याच पलटणी परंपरेतले. 'शोक शस्त्र' असा हुकूम हिंदीत येतो, पण कवायत तीच. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्या युनियन्सही आपण मँचेस्टरकडे पाहूनच उभारल्या. मात्र राजाच्या नावाने होणारे स्मरण प्रजासत्ताकात कोणाच्या नावाने व्हावे, याचा विचार आपण सवडीने केला. दिल्लीचा इंडिया गेट १९३१ मध्ये उघडला गेला, तो साम्राज्यासाठी मेलेल्यांचा. त्याच्याखाली १९७२ च्या २६ जानेवारीला इंदिरा गांधींनी अमर जवान ज्योत पेटवली, ती बांगलादेशच्या युद्धानंतर. स्वतंत्र भारताचे स्वतःचे राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहायला २५ फेब्रुवारी २०१९ उजाडली. तेथे गोलाकार भिंतींवर १९४७ नंतरच्या मृत सैनिकांची नावे आहेत. उद्घाटनाच्या वेळी ती २५,९४२ होती. २०२० पासून पंतप्रधानांचे प्रजासत्ताकदिनाचे पुष्पचक्र तेथे वाहिले जाते, आणि २१ जानेवारी २०२२ रोजी जुनी ज्योत नेऊन तेथल्या ज्योतीत मिळवली गेली. ती नेताना पुष्कळ वाद झाला. वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक एका गोष्टीवर एकमत होते, ती म्हणजे ज्योत कोठे तेवावी हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा.

दगडावर कोणाचे नाव कोरायचे, हा मात्र त्याहून जुना आणि अवघड प्रश्न आहे, आणि महाराष्ट्राला तो परका नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभाची कोनशिला १८२१ मध्ये बसली. तो कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला. पण त्यावर साध्या शिपायांची नावे कोरली, आणि त्यांत महार शिपाई बरेच होते. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले, ते कंपनीचे गुणगान करायला नव्हे. ज्यांना पुढे याच सरकारने सैन्याची दारे बंद केली, त्यांच्या बापजाद्यांची नावे सरकारच्याच दगडावर आहेत, हा पुरावा दाखवायला ते गेले. सातारा जिल्ह्यात आपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला आपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण मेले. तेथेही इंग्रजांनी स्मृतिस्तंभ उभारला. आपल्या उपनगरांतल्या चाळी ज्यांनी भरल्या, त्या सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीच्या घरांत एक भाऊ गिरणीत आणि दुसरा पलटणीत, हा प्रकार दोन-तीन पिढ्या सर्रास होता. दोघांच्याही मनीऑर्डरी एकाच घरी जात.

मुंबईतच मशीद बंदरला खलाशी गृह आहे. तेथे पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर मिळाली नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे सहा हजार हिंदी व्यापारी खलाशांची नावेही मुंबई आणि चितगाव येथील नोंदवह्यांत आहेत. हे लोक लढवय्ये नव्हेत. बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे, डेक धुणारे, भांडी घासणारे मजूर होते. टॉर्पेडो लागला की सर्वांत खाली असलेला भट्टीवाला पहिला बुडे. तरीही त्यांची गणना युद्धात मेलेल्यांत झाली, कारण १९१७ साली सनद मिळालेल्या वॉर ग्रेव्हज कमिशनचा नियमच होता, की हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही. नियम चांगला होता. तो सगळीकडे पाळला गेला नाही, विशेषतः आफ्रिकेत आणि आशियात पुष्कळांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत, हे त्या कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केले. शंभर वर्षांनी का होईना, संस्थेने आपले दप्तर तपासले. आमच्याकडे मशीद बंदरवरून रोज लोकलने जाणाऱ्या हजारो लोकांना हे स्मारक तेथे आहे याचीही वार्ता नाही.

आता शब्दाकडे येऊ. वर्तमानपत्रे लिहितात 'शहीद'. मराठीत 'हुतात्मा' आणि 'वीरमरण' हेही शब्द आहेत. आमच्या कचेरीत अनेकदा विचारणा होते, की 'शहीद' असल्याचे प्रमाणपत्र कोठे मिळते? असे प्रमाणपत्र नसते. संरक्षण आणि गृह या दोन्ही खात्यांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितले, की 'शहीद' हा शब्द त्यांच्या नियमांत नाही. २०२२ मध्ये लष्कराने आपल्या सर्व विभागांना कळवले, की हा शब्द वापरू नये. सरकारी दप्तरात शब्द आहे तो 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईतील हानी. आणि दुसरा 'फिजिकल कॅज्युअल्टी', म्हणजे आजार, अपघात आदींनी झालेली हानी. या दोन शब्दांमधला फरक विधवेच्या पासबुकात दिसतो. लढाईतील हानी ठरली तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी रक्कम मिळते. मृत्यू सेवेमुळे झाला पण लढाईत नव्हे, असे ठरले तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, ते पगाराच्या शेकडा साठ. आणि सेवेशी संबंध नाही असे ठरले तर साधे, शेकडा तीस.

कामगार चळवळीतल्या माणसाला ही भाषा ओळखीची आहे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने हीच कसोटी आणली होती : अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला काय? मशीनवर हात गेला तर वाद नसतो. पण रात्रपाळी संपवून गेटाबाहेर पडलेला माणूस रेल्वेचे रूळ ओलांडताना गेला, तर मालकाचा वकील गेटाची रेघ दाखवतो. सैनिकाच्या बाबतीत गेट नाही. सीमा आहे, सियाचीनची थंडी आहे, जवानांची गाडी दरीत कोसळते तो घाट आहे. पुष्पचक्र सगळ्यांना सारखेच वाहिले जाते. खालची फाईल तीन रंगांची असते.

ध्वजाचेही पाहावे. येथे मात्र केवळ परिपत्रक नव्हे, कायदा आहे. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या असे सांगतात, की राष्ट्रध्वज आच्छादन म्हणून वापरणे हा अपमान आहे. अपवाद फक्त शासकीय अंत्यविधी आणि सशस्त्र व निमलष्करी दलांचे अंत्यविधी. २००२ च्या ध्वजसंहितेत कृतीही दिली आहे : केशरी पट्टा डोक्याकडे असावा, ध्वज कबरीत उतरवू नये, चितेवर जाळू नये. तो काढून घडी घालून घरच्यांच्या हाती देण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. म्हणजे तिरंगा कोणाच्या देहावर पडावा हे संसदेने ठरवून दिले आहे. कारखान्यात जळून मेलेल्या कामगाराच्या देहावर त्याच्या सोबत्यांनी तिरंगा घातला तर तो गुन्हा होईल. आमचे लोक लाल बावटा घालतात. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

शासकीय अंत्यविधी कोणाला, याला मात्र अशी पक्की रेघ नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत अभिनेत्री श्रीदेवी यांच्यावर विलेपार्ल्याला शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. पुष्कळांना आश्चर्य वाटले. त्या निमित्ताने लोकांना कळले, की असा मान कोणाला द्यावा हे ठरवणे मुख्यमंत्र्यांच्या हातात असते. त्या बाईंच्या कलेविषयी आम्हांला आदर आहे, आणि तक्रार त्यांची नाही. पण बंदुकीच्या त्याच फैरी, तोच ध्वज, ही एका ठिकाणी कायद्याने बांधलेली आणि दुसऱ्या ठिकाणी मर्जीवर सोडलेली, असे का असावे?

सैनिक केंद्राचा आणि पोलीस राज्याचा, ही वाटणीही घटनेचीच. राज्यसूचीच्या दुसऱ्या नोंदीत पोलीस आहेत. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या गोळीबारात दहा पोलीस मारले गेले. तेव्हापासून तो दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. मुंबईत ही सलामी नायगावच्या पोलीस मैदानावर होते. वर्षभरात देशात कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांची नावे वाचून दाखवतात. मुंबईच्या पोलिसांचा आणखी एक दिवस आहे, २६ नोव्हेंबर. २००८ च्या त्या रात्री सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हल्लेखोराची बंदूक हातांनी धरून ठेवली. त्यांना २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांची नावे सर्वांना पाठ आहेत. याच तारखेला १९४९ मध्ये घटना समितीने घटना स्वीकारली, आणि २०१५ पासून हा दिवस संविधानदिन म्हणूनही पाळतात. त्यामुळे मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांत आता एकाच सकाळी उद्देशिका वाचली जाते आणि हुतात्म्यांना फुलेही वाहिली जातात. त्याच रात्री कामा रुग्णालयाचे दोन पहारेकरीही मारले गेले. गणवेश त्यांच्याही अंगावर होता, फक्त तो पोलिसाचा नव्हता.

अग्निशमन दलाचा दिवस तर मुंबईनेच देशाला दिला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. १४ एप्रिल हा त्यामुळे राष्ट्रीय अग्निशमन सेवादिन झाला. बंबवाले हे नगरपालिकेचे नोकर. त्यांना सीमा नाही, शत्रू नाही, तरी त्यांचे स्मरण अधिकृत झाले, ही आम्हांला समाधानाची गोष्ट वाटते. त्याच स्फोटात शेकडो गोदी कामगारही मेले. त्यांचा दिवस नाही. दोन वर्षांनी, १९४६ च्या फेब्रुवारीत, नाविकांचा उठाव झाला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरण्या बंद पडल्या. गोळीबारात मुंबईत दोनशेंवर माणसे मेली. नाविकांच्या उठावाचे स्मारक पुढे कुलाब्यात झाले. परळ-डिलाईल रोडवर पडलेल्यांसाठी सरकारी बिगूल वाजत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे उदाहरण याउलट आहे : ज्या सरकारच्या गोळीने ते मेले, त्याच राज्याची सत्ता पुढे लोकांच्या हाती आली आणि फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. दर १ मे आणि २१ नोव्हेंबरला तेथे जी मानवंदना होते, ती लोकांनी मिळवलेली आहे.

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अनुच्छेद. तो आहे ३३ वा. सशस्त्र दलांतील माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार तो संसदेला देतो, कर्तव्य नीट पार पडावे आणि शिस्त राहावी म्हणून. त्याच्या आधाराने १९५० च्या लष्कर कायद्याच्या कलम २१ अन्वये सैनिकाला कामगार संघटनेचे सभासद होण्यावर, सभेत बोलण्यावर, वर्तमानपत्राला लिहिण्यावर बंधन आहे. पोलिसांसाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी आपल्या संघटनेसाठी उठाव केला. सैन्य आले, आणि संघटनेची मान्यता गेली. सैनिकाला संघटना असावी, असे आमचे म्हणणे नाही. बंदूक हाती असलेल्यांचा संप कसा असतो, याची कल्पना आम्हांला आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्या माणसाला घटनेने सामुदायिक सौद्याचा हक्क नाकारला, त्याच्या वतीने बोलणारा कोणी उरत नाही. मालक सरकार आणि वकीलही सरकार. अशा वेळी सरकार जी मानवंदना देते, ती त्या नाकारलेल्या हक्काच्या बदल्यात पत्करलेल्या जबाबदारीची कबुली आहे. तिच्यात बिगूल येतो तसे निवृत्तिवेतनही येते. एकाचा खर्च थोडा, दुसऱ्याचा फार, म्हणून एक निघून दुसरा राहू नये.

हे आज का सांगतो? २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तिच्याखाली भरती झालेला अग्निवीर चार वर्षांसाठी घेतला जातो. चौथाई पुढे कायम होण्याची शक्यता असते. कामगारांच्या भाषेत ही ठरावीक मुदतीची नोकरी होय. घाटकोपरच्या कामराजनगरात ज्याचे कुटुंब राहत होते तो अग्निवीर मुरली नाईक ९ मे २०२५ रोजी नियंत्रण रेषेवर पाकिस्तानी माऱ्यात मरण पावला. कुटुंब मूळचे आंध्रातले; अंत्यसंस्कार तिकडे गावी झाले, तिरंग्यात, लष्करी सलामीसह. त्या सलामीत काही उणे नव्हते. मारा करणाऱ्या तोफेला समोरचा माणूस चार वर्षांचा की पंधरा वर्षांचा, हे कळत नाही, आणि सलामी देणाऱ्या तुकडीनेही तो भेद केला नाही.

भेद आहे तो नियमांत. अग्निवीर युद्धात गेला तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी मिळतो. रक्कम लहान नाही, आणि ती लहान आहे असे भासवणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण कायम सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन त्याच्या कुटुंबाला नाही. ठोक रक्कम आणि महिन्याचे निवृत्तिवेतन यांतला फरक ज्यांनी गिरणी बंद पडताना एकरकमी पैसे घेतले, त्यांना समजावून सांगायला नको. रक्कम घर दुरुस्तीत, मुलीच्या लग्नात, नातेवाइकांच्या उसनवारीत विरते. निवृत्तिवेतन दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतेच. त्या जवानाच्या आईने पुढे मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. मूळ मुद्दा समतेचा, म्हणजे अनुच्छेद १४ चा आहे. एकाच खंदकात, एकाच माऱ्यात मेलेल्या दोन सैनिकांची वर्गवारी भरतीच्या प्रकारावरून करणे हे घटनेला मान्य आहे काय? सरकारच्या बाजूनेही युक्तिवाद आहे : योजना माहीत असून तो भरती झाला, सेवाशर्ती वेगळ्या आहेत, आणि सेवाशर्ती ठरवणे हे धोरणाचे काम आहे. कंत्राटी कामगारांच्या प्रत्येक खटल्यात हाच युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. तो कायद्यात टाकाऊ नसतो, हेही आम्ही अनुभवाने जाणतो.

तोवर व्यवहाराची गोष्ट. आपल्या उपनगरांत सैन्यात, केंद्रीय राखीव दलात, सीमा सुरक्षा दलात मुले असलेली घरे पुष्कळ आहेत. दुर्दैवाने प्रसंग आलाच, तर पहिल्या आठवड्यात मंत्री, पुढारी, वार्ताहर येतात. कागद त्यानंतर येतात. पलटणीच्या अभिलेख कार्यालयाचे पत्र जपून ठेवावे आणि त्यात हानीचा कोणता वर्ग लिहिला आहे तो शब्द वाचावा. तो पटत नसेल तर वरिष्ठांकडे आणि पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. राखीव दले गृहखात्याखाली असल्याने त्यांचा मार्ग उच्च न्यायालयाचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे. राज्याची मदत त्या वाटेने येते. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर संध्याकाळी मृत सैनिकांच्या नातलगांच्या हस्ते पुष्पचक्र वाहण्याचा विधी होतो, तेथे जाण्यासाठीही ओळख पटवणारी हीच कागदपत्रे लागतात. मूळ प्रती कोणालाही देऊ नयेत, पुढाऱ्याला तर नाहीच. झेरॉक्स द्यावी आणि पोच घ्यावी.